चौदा महिन्यांची पाळत

सुगत, चौदा महिने मी तुझ्यावर पाळत ठेवून होतो. हे तुला ठाऊक होते का, हे तुला विचारण्याची वेळ निघून गेली, म्हणून काल उत्पलाला विचारले. ती म्हणाली, "बाबा, तुम्ही चष्मा कपाळावर चढवून दाराआडून बघायचात. येरूनलासुद्धा ठाऊक होतं."

म्हणजे ठाऊक होते. ठाऊक असूनही रोज सकाळी माझ्यासाठी आल्याचा चहा झाकून ठेवून तू वरच्या खोलीत कामाला बसत होतास. त्या चहावरही माझा संशय होता. जावई सासऱ्याची इतकी सेवा करतो तेव्हा त्याला काहीतरी झाकायचे असते, असा माझा तर्क होता. तर्क चुकीचा नव्हता, हेच आज मला सर्वांत जड जाते. तुला झाकायचे होतेच. फक्त ते काय आहे, हे मला ओळखता आले नाही.

तुझे शिक्षण, लायडनच्या प्रयोगशाळेतले तुझे काम, तुझे निबंध यांविषयी तुझे सहकारी लिहितील. मी तुझा सासरा आहे; तेवढेच लिहीन. उत्पलाच्या अनुमतीने लिहितो आहे. प्रत्येक परिच्छेद ती वाचते आहे आणि आतापर्यंत तिने दोन वाक्ये खोडली आहेत.

तुमचे लग्न मीच लावले होते. नाशिकच्या आमच्या वस्तीत मी बौद्धाचार्य म्हणून अनेक वर्षे मंगल परिणय लावत आलो. स्वतःच्या मुलीचा दुसऱ्याने लावावा हे मला पटले नाही. शुभ्र वस्त्रे, तथागतांची आणि बाबासाहेबांची प्रतिमा, त्रिशरण, पंचशील, आणि मग वचने. वराने पाच द्यायची, वधूने पाच. मी म्हणायचे, तुम्ही मागून उच्चारायचे. पत्नीचा सन्मान करीन. तिचा अवमान करणार नाही. इथपर्यंत तुझा आवाज स्थिर होता. तिसरे वचन एकनिष्ठतेचे, व्यभिचार न करण्याचे. तिथे तू थांबलास. उत्पलाकडे पाहिलेस. तिने किंचित मान हलवली, आणि मग तू ते वचन उच्चारलेस. मंडपात कुणाच्या लक्षात आले नाही. मी मात्र चाळीस वर्षे शाळेत मुलांकडून संस्कृत पाठ म्हणवून घेतले आहेत. कोण विसरल्यामुळे अडखळतो आणि कोण आठवल्यामुळे, हे मला आवाजावरून कळते. तू आठवल्यामुळे थांबला होतास. माझ्या संशयाला सुरुवात झाली ती तिथे.

ज्या संस्कृतचे दार आपल्या लोकांना बंद होते ती भाषा मी कशाला शिकलो, असे वस्तीतले लोक मला तरुणपणी विचारत. म्हणूनच शिकलो, असे मी सांगत असे. पण त्या शिक्षणाने एक गुंता केला. न्यायशास्त्र, म्हणजे जुने संस्कृत तर्कशास्त्र, सांगते की संशय आल्याशिवाय विचार सुरूच होत नाही; संशय ही ज्ञानाची पहिली पायरी. आपली साधना सांगते की विचिकित्सा, म्हणजे तोच संशय, हे नीवरण आहे, चित्तावरचे आवरण. रविवारी तू मला संगणकाच्या पडद्यासमोर बसवायचास आणि लायडन, अॅमस्टेलव्हीन, हेगजवळची आपली दहा-बारा कुटुंबे वंदनेला जमायची, तेव्हा मी त्यांना विचिकित्सा सोडा असे सांगत असे. मग पडदा बंद झाला की जिन्याखाली उभा राहून तुझ्या खोलीचे दार कितीदा वाजते ते ऐकत असे.

तीन महिन्यांसाठी आलो होतो. फेब्रुवारीच्या अखेरीस उतरलो आणि पुढच्या पंधरवड्यात साथीमुळे जग बंद झाले. तुमच्या त्या अरुंद घरात खालची खोली मला दिलीत. वर दोन खोल्या. एकीत तू, दुसरीत उत्पला. "दोघांच्या मीटिंगा एकाच वेळी असतात, बाबा," असे तू सांगितलेस. दिवसापुरते ते मान्य झाले. पण शनिवारी मागच्या अंगणात दोरीवर दोन एकेरी चादरी वाळत घातलेल्या दिसत. दर शनिवारी दोन, आणि दोन्ही एकेरी. मी त्यांच्याकडे पाहत उभा असे आणि तू येऊन विचारायचास, "बाबा, पाऊस येईल असं वाटतंय का?" मी हो म्हणायचो. इथे हे उत्तर सहसा खोटे ठरत नाही.

मग येरून. पहिल्यांदा तो दिसला तेव्हा रस्त्याच्या पलीकडे सायकल धरून उभा होता आणि तू दारात उभा राहून त्याच्याशी बोलत होतास. मधे अंतर राखलेले. तो इतका उंच आणि इतका निश्चल की न्यायाच्या ग्रंथांत संशयाचे जे पहिले उदाहरण देतात तेच माझ्यासमोर घडले: तो दूर उभा आहे तो खांब की माणूस? हसला तेव्हा माणूस ठरला. पुढे घरात पाहुणे किती घ्यावेत याचे नियम बदलत गेले आणि आकडा कमी होत होत एकावर आला. दिवसाला एक पाहुणा. तुमच्या इतक्या मित्रांतून, मराठी कुटुंबांतून, तो एक दर वेळी येरूनच असे. आला की उत्पला त्याच्यासाठी कॉफी करी, त्याच्या आईच्या गुडघ्यांची चौकशी करी, आणि मग स्वतःचा लॅपटॉप उचलून वर जाई. ती वर का जाते? स्वतःच्या घरात तिने उठून का जावे? मला वाटे, माझ्या मुलीला तिच्याच घरात कोपऱ्यात ढकलले जाते आहे.

पुढच्या वर्षी फेब्रुवारीत थंडीने कालवे गोठले. सगळे गाव बर्फावर उतरले. मी काठावर तुझी जाड टोपी घालून उभा होतो. तुला घसरता येत नव्हते. येरूनने तुझा हात धरून तुला पुलापर्यंत नेले आणि परत आणले. शिकवणारा शिकणाऱ्याचा हात धरतो, यात काही नाही. पण तुम्ही काठाला लागलात, तुझे पाय जमिनीवर आले, तू बाकावर बसलास, तरी हात सुटला नाही. उत्पला तुमच्यापासून दोन हातांवर उभी राहून वाफाळती मटारची आमटी पीत होती आणि तुमच्याकडे पाहून हसत होती. ते हसणे मला सहन झाले नाही.

दुसऱ्या दिवशी तू आणि उत्पला बाजारात गेलात तेव्हा मी तुझ्या खोलीत शिरलो. न दिलेले घेऊ नये, हे दुसरे शील. वस्तू नेली नाही म्हणून ते मोडले नाही, असे मी स्वतःला समजावले. पण दुसऱ्याचे गुपित ही वस्तूच असते. ते मी घ्यायला गेलो होतो. उशाशी एक जपानी चित्रपुस्तक सापडले. पदवीनंतरची दोन वर्षे तू जपानात होतास; तुझ्याकडे अशी मांगा पुस्तके फळीभर आहेत. हे मात्र उशाशी होते आणि वाचून वाचून मऊ झाले होते. शब्द मला कळत नव्हते, चित्रे कळत होती. खुर्चीवर बसून मी ते पहिल्या पानापासून शेवटपर्यंत पाहिले.

आरंभी एक स्त्री आणि एक पुरुष टेबलाशी बसून संत्री सोलत आहेत. घर लहान आणि प्रसन्न. पुढे दोघे एका कार्यालयात कागदावर शिक्के उमटवतात. त्यानंतर तो पुरुष एका दुकानाच्या छपराखाली दुसऱ्या पुरुषासमोर उभा राहून रडतो. पुढे पुढे ती स्त्री एकटी जेवते, नातेवाईक तिच्याभोवती बसून तिला काही सुनावतात, ती मान खाली घालते. अखेरच्या पानांवर ते दोघे एका कचेरीत पाठीला पाठ लावून बसलेले, एकमेकांना जणू ओळखतही नाहीत.

मला पुरावा मिळाला होता. सुखाचे घर, मग कागदपत्रे, मग दुसरा पुरुष, मग स्त्रीचा एकटेपणा, आणि शेवटी परकेपणा. तू हे उशाशी ठेवून वाचतोस, म्हणजे माझ्या मुलीला सोडण्याची तयारी करतोस.

संध्याकाळी जेवण झाल्यावर ते पुस्तक मी टेबलावर ठेवले.

"हे तुझे?"

"हो बाबा." माझ्या खोलीत कसे शिरलात, असे तू विचारले नाहीस. "तुम्हाला जपानी येतं?"

"चित्रे येतात."

"मग सांगा ना, काय गोष्ट आहे?"

मी सांगितली. क्रमाने, एकही प्रसंग न गाळता, आणि शेवटी निष्कर्षही सांगितला की अशी गोष्ट उशाशी ठेवणाऱ्या माणसाच्या मनात काय असते ते मला समजते. उत्पला मधेच तोंडावर हात घेऊन खाली वाकली. रडते आहे असे वाटून मी तिच्या पाठीवर हात ठेवला. ती हसत होती.

"उत्पला, थांब," तू म्हणालास. तू हसला नाहीस. "बाबा, जपानी पुस्तक उजवीकडून उघडतात. तुम्ही शेवटाकडून सुरुवातीकडे आलात."

"मला फसवू नकोस."

"पानांचे आकडे बघा."

मी चष्मा लावून आकडे पाहिले. आकडे तुझ्या बाजूचे होते. ज्याने आयुष्यभर पोथ्यांची पाने क्रमाने लावली त्याने एक घर उलटे वाचले होते. तू पुस्तक फिरवून माझ्यासमोर धरलेस आणि सुरुवातीपासून सांगू लागलास. ती दोघे एकाच कचेरीत काम करतात, अजून ओळख नाही. तिला कुणाचीच तशी ओढ वाटत नाही, पुरुषाची नाही, स्त्रीची नाही. घरचे लोक तिला त्यावरून बोलतात. त्याला पुरुष आवडतात, आणि ज्याच्यावर त्याचा जीव होता तो छपराखाली त्याचा निरोप घेतो. मग या दोघांची मैत्री होते. ते लग्न करतात. शिक्के उमटवतात, घर घेतात, संत्री सोलतात.

"बस?" मी विचारले.

"बस. बाकी स्वयंपाक, भाडं, सर्दी-खोकला."

मी पुस्तक मिटून टेबलावर ठेवले. मग विचारले, "आणि तुम्ही?"

"आम्ही पण असेच, बाबा," उत्पला म्हणाली. "मी तिच्यासारखी. हा त्याच्यासारखा."

"आणि येरून?"

"पुस्तकातल्या त्या बिचाऱ्याला येरून नाही भेटला," तू म्हणालास. "तेवढं माझं नशीब बरं."

तो विनोद होता हे आज कळते. त्या वेळी मी ताठ बसलो होतो. म्हणालो, "तथागतांच्या प्रतिमेसमोर, माझ्या समक्ष, तू असत्य बोललास."

तुझा चेहरा उतरला. त्या चौदा महिन्यांत तुझा आवाज माझ्यापुढे एकदाच चढला, तो तेव्हा. "कोणतं वचन मोडलं, बाबा? पाच आहेत. तुम्हीच दिलीत. एकेक घ्या आणि सांगा, कोणतं मोडलं."

"विचार करून सांगेन," असे म्हणालो.

तू पुस्तक उचललेस, जिन्यापर्यंत गेलास आणि वळलास. आवाज पुन्हा नेहमीचा झाला होता. "सावकाश सांगा. तुमचं तिकीट तिसऱ्यांदा रद्द झालंय."

त्यानंतर मी वही काढली. डाव्या पानावर पूर्वपक्ष, म्हणजे आक्षेप, उजव्या पानावर उत्तर. सन्मानाचे वचन: तिच्या आईच्या, माझ्या पत्नीच्या, शेवटच्या आजारात तू दोन महिने नाशिकला राहून रुग्णालयाच्या पायऱ्या झिजवल्यास, इथे पूर्वपक्षाला जागा नाही. अवमान: तुमची भांडणे मी भिंतीआडून ऐकली आहेत, ती डाळीवरून होत. घराचा कारभार तिच्या हाती द्यावा हे चौथे: इथला हिशेब आणि किल्ल्या तिच्याकडेच असत. अलंकार द्यावेत हे पाचवे: उत्पला दागिने घालत नाही, तू तिला उत्तम रेनकोट आणि सायकलला दोन दिवे दिलेस. इथे तेच अलंकार. राहिले ते तिसरे. तिथे डावे पान भरत गेले. ज्याच्या आयुष्यात येरून आहे त्याने एकनिष्ठतेचे वचन पाळले असे कसे म्हणावे? उजव्या पानावर लिहिले की ज्यात दुसऱ्याचा वाटा हिरावला जातो आणि त्याला अंधारात ठेवले जाते तो व्यभिचार. तिचा वाटा हिरावला नाही, तिच्यापासून काही लपवले नाही. मग पुन्हा डावीकडे: हे ती मनापासून म्हणते, की तुला वाचवण्यासाठी? माझी मुलगी लहानपणापासून दुसऱ्याची चूक स्वतःवर घेणारी आहे.

म्हणून एके दिवशी कालव्याकाठी फिरताना मी तिला एकटीला विचारले, "ही कल्पना कुणाची?"

"माझी."

"तुला त्रास नाही होत? खरे सांग."

"बाबा, मला काय हवंय हे तुम्ही कधीतरी विचाराल म्हणून मी खूप वर्षं वाट बघितली. तुम्ही स्थळं आणलीत."

मी तरीही विचारले, "मग भिक्खुणी व्हायचे होतेस का? मी अडवले नसते."

ती थांबून माझ्याकडे पाहू लागली. "मला संसार हवा होता. संध्याकाळी घरी येणारं, फोडणीत मोहरी जास्त घालणारं आणि वर माझ्याशी भांडणारं माणूस हवं होतं. ते मिळालंय. बाकीचं मला नकोच होतं. ज्याला हवं होतं त्याला ते येरूनकडे मिळालं. यात माझं काय गेलं?"

"लग्नात तो तिसऱ्या वचनाला थांबला होता."

"मला विचारत होता. आदल्या दिवशी आमचं ठरलं होतं, एकमेकांपासून काही लपवायचं नाही, हाच आमचा तिसऱ्या वचनाचा अर्थ. तरी त्याला भीती वाटत होती, की तुमच्यासमोर ते म्हणणं म्हणजे खोटं बोलणं. मी मान हलवली नसती तर तो तिथेच गप्प बसला असता, भर मांडवात."

म्हणजे ज्या क्षणावर मी एवढा संशय उभारला तो तुझ्या प्रामाणिकपणाचा क्षण होता.

इथे मी आधी असे लिहिले होते की मग दिवस भरभर गेले आणि तुला उत्तर द्यायला वेळ मिळाला नाही. उत्पलाने समासात लिहिले, "बाबा, हे खरं लिहा." तर खरे असे की मार्च संपता संपता उत्तर तयार होते. वहीत उजव्या पानावर, अधोरेखित. मी ते दिले नाही. तू पुन्हा विचारावेस असे मला वाटत होते. चहा ठेवताना तू माझ्याकडे एक क्षण जास्त पाहायचास. मी वर्तमानपत्र उघडायचो. विद्यार्थ्याने निकालासाठी थांबावे यात शिक्षकाला एक हलके सुख असते. ते सुख मी घेत होतो.

त्याच दिवसांत तू माझ्या लसीसाठी फोन करत होतास. माझे नाव खेमेंटेच्या, म्हणजे इथल्या नगरपालिकेच्या नोंदीत नव्हते. मी पाहुणा. एक जण दुसऱ्याकडे पाठवी, दुसरा तिसऱ्याकडे, आणि तू तुझ्या त्या मऊ डचमध्ये प्रत्येकाला पुन्हा पहिल्यापासून सांगत असायचास. शेवटी मिळाली. तू मला सायकलच्या पुढच्या पेटीत बसवून नेलेस, लहान मुलांना नेतात तसे, आणि वाटेत दोन मुलांनी मला हात हलवून दाखवला. माझ्या दंडात लस गेली. तुझ्या वयाची पाळी यायची होती.

एप्रिलच्या मध्यावर तुला ताप आला. चौथ्या दिवशी रुग्णालयात नेले. तिथून तू मला निरोप पाठवलास: "बाबा, उत्तर?" मी लिहिले, "बरा होऊन ये. समोरासमोर सांगेन." मला वाटले, एखादी गोष्ट राहिलेली असली की माणूस परत येतो. याला मी श्रद्धा म्हटले. आता त्या शब्दाविषयीही मला शंका आहे. दुसऱ्या दिवशी त्यांनी तुला औषधाने झोपवले.

दिवसाला एकच माणूस आत जाऊ शकत होता. एक दिवस उत्पला, एक दिवस येरून. कायद्याने ती पत्नी. रोज तीच गेली असती तर कुणी काही म्हटले नसते. ती येरूनला अर्धे दिवस का देते, हे मला समजेना. शेवटच्या सकाळी फोन आला की आता फार वेळ नाही. मी तिचा कोट काढून तिच्या हातात दिला.

"तू जा. तू पत्नी आहेस."

"आज येरूनचा दिवस आहे, बाबा."

"आजसुद्धा?"

"काल मी बसले होते त्याच्याजवळ. पाय चोळले. रोजची सगळी भांडणं सांगून टाकली." तिने कोट खुंटीला लावला. "आज त्याचा दिवस आहे."

दुपारी येरूनचा फोन आला. उत्पला ऐकत राहिली. मग हळूहळू बोलू लागली, डचमध्ये. मला शब्द कळले नाहीत, पण स्वर कळला. पती गेलेली स्त्री त्या माणसाचे सांत्वन करत होती. ती त्याला काहीतरी पुन्हा पुन्हा सांगत होती, जसे पडलेल्या मुलाला सांगतात. मी दाराशी उभा होतो, चष्मा कपाळावर नव्हता. सुगत, मी शेकडो जोडप्यांना ती वचने दिली आहेत. पाळताना कशी दिसतात हे मी त्या दुपारी पाहिले.

म्हणून हे तुझे उत्तर. एकही नाही. पाचांपैकी एकही तू मोडले नाहीस. असत्य मी बोललो, "विचार करून सांगेन" असे. कारण विचार करून झाला होता. माझी क्षमा मागण्याची पद्धत हीच आहे, उत्तर पूर्ण लिहून देण्याची. उशिरा लिहिले.

अंत्यविधीला मोजकी माणसे होती. मी वंदना घेतली. बाकीचे सगळे पडद्यावर. अकोल्याहून तुझी आई, तिच्या मागे उभे शेजारी. येरूनला उत्पलाने पहिल्या रांगेत आपल्या शेजारी बसवले. तू आईला स्वतः जाऊन सांगणार होतास. येणे-जाणे सुरळीत झाले की पहिले काम ते, असे तू उत्पलाला म्हटले होतेस. घरी परतल्यावर उत्पला मला म्हणाली, "आईंचा फोन येईल. विचारतील. बाबा, आता कुणाशी खोटं बोलायचं नाही. मला मात्र आज बोलणं होणार नाही." आणि फोन माझ्या हातात देऊन ती वर गेली.

फोन आला.

"भाऊ, पाह्यलं म्या सारं मोबाईलवर. चांगलं केलं तुमी." मग म्हणाली, "तुमची पोरगी रडली नाही."

"ती माणसांत रडत नाही, विहीणबाई."

"आन तिच्या बाजूले थो उंच गोरा मानूस कोन व्हय? थो तिच्याऊन जास्त रडून रायला होता."

त्या प्रश्नात संशय होता. मी तो ओळखला. चौदा महिने तोच माझ्याजवळ राहिला होता. तिचा संशय माझ्या मुलीवर होता, की त्या गोऱ्या माणसाचे आणि तिचे काही असावे. 'मित्र' असे म्हटले असते तर ते असत्य ठरले नसते. पण अपुरे सत्य सांगून माणसाला चुकीच्या दिशेने जाऊ द्यायचे, हेही मी आता करू शकत नव्हतो.

"घरचा माणूस आहे," मी म्हणालो.

"घरचा म्हंजे? कोनाचा?"

"सुगतचा."

तिकडे कुकरची शिटी झाली. कुणीतरी आवाज दिला. तिने त्यांना थांबा म्हटले. मग दार लावल्याचा आवाज आला.

"तुमच्या पोरीले मालूम हाय?"

"पहिल्यापासून. तिनेच त्याला शेजारी बसवले."

"सोळा वर्षाचा होता तवा मले म्हने, आई, मी लगन नाही करत. म्या म्हनलं, कर रे बाबा, संगं कोनीतरी पाह्यजे मानसाले. कारन नाही इचारलं म्या. इचारलं असतं तं सांगतलं असतं त्यानं. म्हनून नाही इचारलं."

बोलण्यासारखे तिने सगळे बोलून टाकले होते.

"भाऊ," थोड्या वेळाने ती म्हणाली, "जेवला का थो?"

"कोण?"

"थोच. तुमी म्हनता थो, घरचा."

मी वळून पाहिले. येरून जिन्याच्या खालच्या पायरीवर बसला होता, पायांत बूट, अंगात कोट. पाहुणा कधी निघावे हे न कळून बसून राहतो तसा. विधीवरून आल्यापासून कुणी त्याला पाणीही विचारले नव्हते. मीही नाही.

"नाही जेवला."

"मंग माह्याशी काय बोलत बसले? वाढा त्याले."

मी फोन ठेवला. येरूनला हात धरून उठवले, कोट काढायला लावला आणि टेबलाशी बसवले. शेजारच्या मराठी कुटुंबाने भात आणि वरण आणून ठेवले होते. ते गरम केले. तो मान खाली घालून जेवला. हाताने जेवला, नीट, बोटांच्या पेरांच्या वर भात न जाऊ देता. मी दुसऱ्यांदा भात वाढू लागलो तेव्हा त्याने ताटावर हात आडवा धरला आणि माझ्याकडे न पाहता स्पष्ट मराठीत म्हणाला, "पुरे, बाबा."

हे त्याला कुणी शिकवले असेल, याविषयी मला कसलाही संशय नाही.